कळपाची जात

जक्सलिकच्या माशांना कोणी चांगलं म्हणत नसे, हे त्याचं खरं दुखणं होतं. रक्तदाब वगैरे नंतरची गोष्ट. घरी आलेला प्रत्येक पाहुणा दारात बूट काढायचा, बैठकीच्या खोलीत यायचा आणि काचेच्या मोठ्या पेटीत निळ्या-लाल निऑन माशांचा कळप एका दमात उजवीकडून डावीकडे वळताना बघायचा. क्षणभर त्याचा जबडा खाली यायचा. मग तो जबडा आवरून घ्यायचा आणि म्हणायचा, "यंदा थंडी जरा जास्तच आहे, नाही?"

यात पाहुण्यांचा काही दोष नव्हता. चांगल्या घरात वाढलेला माणूस दुसऱ्याच्या घरी कशाचीही स्तुती करत नाही. पाहुण्याने एखाद्या वस्तूला 'छान' म्हटलं, की यजमानाने ती त्याच्या हातात ठेवायची, ही आमची कझाख लोकांची जुनी रीत. त्यामुळे सभ्य माणूस सुंदर वस्तू दिसली की छताकडे बघतो, आणि फारच सभ्य असेल तर हवामानावर बोलतो. जक्सलिक स्वतः लोकांच्या घरी असाच वागायचा. पण माणसाला एकदा छंद जडला, की सगळ्या रीती फक्त दुसऱ्यांनी पाळायच्या उरतात.

जक्सलिक भूगोलाचा निवृत्त मास्तर. निवृत्त झाल्यावर ऐकायला वर्ग उरला नाही, बायको ऐकायची नाही, म्हणून त्याचा रक्तदाब वाढला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, "मासे पाळा. रोज थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसा. दाब उतरतो." जक्सलिक बाजारात गेला आणि एक मासा घेऊन आला. बघायला एक पुरे, असा त्याचा हिशेब. तो मासा पाण्याच्या पंपामागे जाऊन जो लपला, तो बाहेर आलाच नाही. जक्सलिक रोज पंपाकडे बघत बसायचा. चौथ्या दिवशी मासा वर तरंगला, तेव्हाच त्याचं पहिलं नीट दर्शन झालं.

"एकटा ठेवला होतात?" माशांच्या दुकानातल्या मिनवाराबाईंनी कपाळाला हात लावला. "मास्तर, ही कळपाची जात! एकटा मासा खातो-पितो, पण त्याचा धीर सुटतो. निदान सहा हवेत. सहाच्या खाली गेलात की ते मेलेच समजा."

मग सहा आले. त्यानंतर आठवडाभरात उल्मेकेनने, म्हणजे त्याच्या बायकोने, पेटीतले दगड फार घाण झाले म्हणून कपडे धुण्याच्या पावडरीने स्वच्छ धुतले. दगड चमकले, पाण्याला फेस आला आणि मासे गेले. पुन्हा सहा आणले. ते टिकले, तर पाणी तापवायची कांडी बिघडली आणि पाण्याचा रस्सा व्हायची वेळ आली. एकदा मिनवाराबाईंनी भेट म्हणून एक गोगलगाय दिली. महिन्याभरात पेटीत मासे कमी आणि गोगलगायी जास्त झाल्या. अशी सगळी संकटं पार करून अखेर दहा माशांचा कळप स्थिर झाला. जक्सलिक त्यांना सकाळी चिमूटभर खाणं आणि तासभर व्याख्यान द्यायला लागला. मासे दोन्ही गोष्टी शांतपणे घेत. त्याचा दाब उतरला. मात्र ज्या कोपऱ्यात पेटी होती, तिथे आधी उल्मेकेनचं काचेच्या भांड्यांचं कपाट होतं. ते आता स्वयंपाकघरात अर्धं दार अडवून उभं होतं, आणि जाता-येता तिच्या खांद्याला लागत होतं. दाब तिचा वाढत होता, पण तिला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही.

अशा घरात हिवाळ्यात व्याही आले.

मुलगी जनेर्के हिचं लग्न येत्या उन्हाळ्यात व्हायचं ठरलं होतं. नवऱ्या मुलाचे वडील सागिंताय हे कारकाराली डोंगरांकडचे, घोडे आणि मेंढ्या राखणारे. बोलणं कमी, हात मोठे. जावई शंभर वर्षांचा आणि व्याही हजार वर्षांचा, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणजे जावई बिघडला तर निभावतं, पण व्याही बिघडला तर पुढच्या चाळीस पिढ्या ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे उल्मेकेनने तीन दिवस आधीपासून पीठ मळायला घेतलं होतं आणि नवऱ्याला ताकीद दिली होती, "म्हातारबुवा, मासे सोडून बाकी कशावरही बोला."

"मी कुठे बोलतो? लोकच विचारतात."

"आजवर कोणी विचारलंय?"

हे मात्र त्याला लागलं.

जेवण उत्तम झालं. सागिंतायपुढे मेंढीचं डोकं ठेवलं. त्याने रीतीप्रमाणे कान कापून घरातल्या धाकटीला, जनेर्केला दिला, म्हणजे ती मोठ्यांचं ऐकेल. "दुसरा कान इकडे द्या," उल्मेकेन नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "खरा न ऐकणारा तिथे बसलाय." सगळे हसले. विहीणबाई बिबिनूर तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. इथेच जेवण संपलं असतं, तर ही गोष्ट लिहायची गरज पडली नसती.

पण त्याच वेळी पेटीतला कळप एकदम वळला. सागिंतायची नजर तिकडे गेली आणि घासासकट त्याचा हात हवेत थांबला. जक्सलिकने ते पाहिलं.

"व्याही, बघितलंत का?"

सागिंतायने नजर तातडीने छताला लावली. "घर उबदार आहे तुमचं."

"घराचं सोडा हो. मासे."

"हं. मासे."

"एक वळला की सगळे वळतात. बघा, बघा ना!"

आता जन्मभर कळप राखलेल्या माणसाला कळप दाखवून वर 'बघा' म्हटलं, तर तो बघणारच. सागिंताय हळूहळू खुर्चीसकट पेटीकडे वळला. "यांचा म्होरक्या कोणता?"

"म्होरक्या नाहीच!"

"असं कसं? मेंढ्यांपुढे बोकड लागतो. घोड्यांना नर लागतो. म्होरक्याशिवाय कळप चालेल कसा?"

"चालतो. आणि भांडणसुद्धा नाही."

सागिंताय विचारात पडला. "आमच्या गावचे लोकही पाण्यात बुडवून ठेवले, तर असेच गुण्यागोविंदाने राहतील," तो म्हणाला.

एवढ्यावर जक्सलिकचा बांध फुटला. त्याने व्याख्यान सुरू केलं. पाणी किती गरम, दिवा किती वेळ, खाणं किती. "आणि मुख्य म्हणजे व्याही, एकटा जगत नाही. दोघेही जगत नाहीत. निदान सहा. कळपाची जात आहे. कळप फोडला की संपलं!"

"हे खरं," सागिंताय मनापासून म्हणाला. "मेंढीचंही हेच."

"मग? कसे वाटले?"

उल्मेकेनने टेबलाखालून लाथ मारली. ती बिचाऱ्या विहीणबाईंना लागली. जनेर्के घाईघाईने म्हणाली, "बाबा, चहा ओतू?"

"थांब गं. व्याहींना बोलू दे. जनावरांची पारख आहे त्यांना. सांगा व्याही, अगदी मोकळेपणाने."

सागिंतायच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्याच्या जनावरांना वाईट म्हणणं म्हणजे भांडण, आणि चांगलं म्हणणं म्हणजे मागणं. त्याने बायकोकडे पाहिलं; ती छताकडे बघत होती. त्याने छताकडे पाहिलं. तिथे काही उत्तर लिहिलेलं नव्हतं.

"चांगले आहेत," तो पुटपुटला.

"मग न्या!" उल्मेकेन म्हणाली.

तिच्या आवाजात एवढा आनंद जक्सलिकने फार वर्षांत ऐकला नव्हता. तो स्वतः अर्धा उठून तसाच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते याच्यापुढे काहीच नाही. याने हात दाखवून वर हस्तरेषाही वाचून घेतल्या होत्या.

"हो, हो, न्या ना," तो कसाबसा म्हणाला. "दोन बांधून देतो."

"दोन?" सागिंताय गोंधळला. त्याला मासे मुळीच नको होते. पण मिळालेली भेट नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. "दोन जगत नाहीत ना? आत्ताच तुम्ही म्हणालात."

"आणि लग्नाआधी भेट मेली तर बरं दिसत नाही हो," बिबिनूरबाई नडगी चोळत म्हणाल्या.

"मग सहा," जक्सलिक म्हणाला आणि त्याला घाम फुटला. दहातून सहा गेले की चार उरतात. चार म्हणजे तेही मेलेच.

"कळप फोडला की संपलं," उल्मेकेन गंभीरपणे म्हणाली. नवऱ्याचं व्याख्यान तिने पहिल्यांदाच इतकं मन लावून ऐकलं होतं. "सगळेच न्या, व्याही. आणि पेटीही न्या. बिचाऱ्यांना घर नको?"

जक्सलिकने शेवटचा प्रयत्न केला. "गावाकडे थंडी फार. यांना ऊब लागते."

"आमची चूल दिवसभर पेटलेली असते," सागिंताय दुःखाने म्हणाला. बाहेर पडायची प्रत्येक वाट त्याला स्वतःच्याच हाताने बंद करावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी पेटी दोन रजयांत गुंडाळून सागिंतायच्या जीपमध्ये चढली. उल्मेकेनने आपल्या ठेवणीतल्या रजया काढून दिल्या. मासे मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये, आणि थर्मास जक्सलिकच्या कोटाच्या आत. पेटी लावून द्यायला तोही निघाला होता. उघड कारण हेच होतं.

अर्ध्या वाटेवर चहाला थांबले. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. आत गरम होत होतं, म्हणून जक्सलिकने थर्मास टेबलावर ठेवला आणि झाकण थोडं सैल केलं, माशांना हवा मिळावी म्हणून. तेवढ्यात हॉटेलवाली बाई उकळत्या पाण्याची किटली घेऊन आली. प्रवाशाचा थर्मास दिसला की न विचारता गरम पाण्याने भरायचा, ही तिची चांगुलपणाची सवय. तिने झाकण काढलं आणि किटली वाकवली.

"अगं बाई, थांब!" जक्सलिक इतक्या जोरात ओरडला, की शेजारच्या टेबलावरचे तीन ट्रकवाले उभे राहिले.

"काय झालं? चहाच आहे ना आत?"

"मासे आहेत!"

बाईने आत डोकावलं. मग जक्सलिककडे पाहिलं. "आजोबा," ती मायेने म्हणाली, "कच्चे खाऊ नका. मी तळून देते."

गावात पेटी चुलीशेजारी लागली. सागिंतायची म्हातारी आई, बातिमा आजी, कोपऱ्यातल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मागच्या शरदात तिची शेवटची बहीण गेली, तेव्हापासून ती अशीच, असं बिबिनूरबाईंनी हळूच सांगितलं. जक्सलिकचं तिकडे लक्ष नव्हतं. तो माशांचा निरोप घेत होता. त्यांना माणूस ओळखता येत नाही, हे त्यानेच कितीतरी वेळा व्याख्यानात सांगितलं होतं. तरीही ते सगळे एकदम वळून पाठमोरे झाले, तेव्हा त्याला भरून आलं.

निघताना पाहतो तर जीपला मागे जाळीची गाडी जोडलेली, आणि तिच्यात सहा मेंढ्या.

"हे काय?"

"व्याह्याला रिकाम्या हाताने पाठवू? तुम्ही कळप दिलात. मीही कळप देतो."

"अहो, मी पाचव्या मजल्यावर राहतो! फार तर एक द्या, कापून खाऊ."

"एक?" सागिंताय दुखावला. "एकटी मेंढी जगत नाही. तुम्हीच सांगितलंत. आणि कापायच्या कसल्या? गाभण आहेत सगळ्या. वसंतात बघा, कळप दुप्पट होईल!"

शहरात परतल्यावर जक्सलिकने आपली मोटार गॅरेजमधून बाहेर काढली आणि मेंढ्या आत घातल्या. मोटार बाहेर थंडीत राहिली आणि तिसऱ्या दिवशी कायमची बंद पडली. मग तो गवताची गाठोडी बसने आणू लागला. कंडक्टरबाई त्याचं एक तिकीट आणि गवताचं एक तिकीट काढायची. मेंढ्या पहाटेपासून ओरडायच्या आणि गॅरेजच्या पत्र्यामुळे एक मेंढी दहांसारखी ऐकू यायची. गाभण जनावर कापणं पाप, व्याह्याची भेट विकणं त्याहून मोठं पाप. वर दर रविवारी सागिंताय फोनवर चित्र लावून मेंढ्यांची विचारपूस करायचा. फोन सहाही मेंढ्यांच्या तोंडासमोर धरावा लागे. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि विचारलं, "मासे बघणं सोडलंत का?" भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची गत झाली होती, फक्त कुत्र्याच्या जागी सहा मेंढ्या होत्या.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. रीत म्हणजे रीत! कोणीतरी मेंढ्यांना चांगलं म्हणायचा अवकाश.

शेजारच्या गॅरेजचा मालक, रशियन विक्टर पेत्रोविच, कुलूप उघडत होता. जक्सलिकने त्याला हाताला धरून आणलं. "पेत्रोविच, ये, बघ तरी. काय लोकर आहे!"

"आज वारा उत्तरेचा दिसतोय," पेत्रोविच म्हणाला.

"अरे, तू बघतच नाहीस!"

"बघणारही नाही. जक्सलिक, मी याच गल्लीत जन्मलो, इथेच म्हातारा झालो. तुमची रीत मला तुमच्या पोरांपेक्षा जास्त कळते. हे बघ, मी वर बघतोय. किती सुंदर ढग आहेत! ढग देऊन टाक मला."

सगळ्या वस्तीने तेच केलं. जक्सलिक गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून उभा राहायचा आणि येणारे-जाणारे मान वर करून चालायचे. एक बाई तर खांबाला धडकली, पण मेंढ्यांकडे पाहिलं नाही. आपण इतक्या सुसंस्कृत लोकांत राहतो, हे जक्सलिकला त्या आठवड्यात प्रथमच नीट कळलं, आणि त्या संस्कृतीला त्याने मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

इकडे घरात वेगळंच झालं. काचेच्या भांड्यांचं कपाट आपल्या जागी परत गेलं. उल्मेकेन दोन दिवस त्याच्याकडे बघून हसली. तिसऱ्या दिवशी तिने दिवा लावला. चौथ्या दिवशी दोन दिवे लावले.

"खोली अंधारी वाटते," ती म्हणाली.

जक्सलिकने तिसरा दिवा लावला.

"आणि ते पाण्याचं बुडबुडणं ऐकत माझा डोळा लागायचा दुपारचा. आता कपाट काही बुडबुडत नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "माझं चुकलंच. रागाच्या भरात बोलून गेले. तुम्ही त्या माशांशी बोलायचात ना, ते मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचे. आता तुम्ही बोलतच नाही."

"नवे आणू?"

"नव्यांचं मला काय! आणि व्याही पुन्हा येतील, नवे बघतील, तुम्ही पुन्हा विचाराल." ती एकदम ताठ झाली. "हे बघा. रीत दोन्हीकडून चालते. तुम्ही गावाला जा. बसा, चहा प्या, पेटीकडे बघा आणि म्हणा, 'वा, काय सुंदर मासे!' त्यांना द्यावेच लागतील. दोन शब्दांचं काम आहे. जन्मभर नको तिथे बडबडलात, आता एकदा हवं तिथे बोला."

उल्मेकेनने कपाट स्वतः ढकलत पुन्हा स्वयंपाकघरात नेलं, भांड्यांसकट. परत येणाऱ्या पेटीसाठी कोपरा पुसून ठेवला. जक्सलिकने रिकामा थर्मास कोटात घातला आणि बस पकडली. सगळ्या वाटेत तो मनाशी घोकत होता: वा, काय सुंदर मासे. वा, काय सुंदर मासे.

सागिंतायने त्याला मिठी मारली. टेबलावर बाऊरसाक म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, लोणी, घोड्याच्या मांसाची कझी, दुधाचा चहा. पेटी चुलीजवळ होती, पाणी निवळशंख, आणि कळप पूर्वीपेक्षा गुबगुबीत. जक्सलिकचं काळीज सुपाएवढं झालं. त्याने कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

"हळू रे!" कोणीतरी खेकसलं. "त्या खातायत."

पेटीसमोर, पाठीला उशी लावून बातिमा आजी बसली होती. डोक्याला स्वच्छ पांढरा रुमाल, हातात खाण्याची डबी. भिंतीकडे तोंड करून पडलेली तीच म्हातारी, हे ओळखायला जक्सलिकला वेळ लागला.

"मासे आल्यापासून उठून बसते," बिबिनूरबाई हळूच म्हणाल्या. "जेवतेसुद्धा. बोलते. आम्हाला ओरडते!" ओरडण्याचा आनंद त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हता.

"इकडे ये मास्तर," आजीने बोट वाकवलं. "तू दिलेस ना हे? आम्ही दहा बहिणी होतो. ही पुढे पळते ना, ती थोरली, जिबेक. हिला सगळीकडे आधी जायचं असायचं, मेलीही आधीच. त्या दोघी जुळ्या. ही खादाड, कुलान. आणि ती बघ, सगळ्यांच्या मागे, धापा टाकत... ती मी." आजी हसली. तोंडात दात दोनच होते. "इतके दिवस मी एकटीच उरले होते रे. एकटीला जगवत नाही."

"हे तर मीच..." जक्सलिक म्हणू लागला. हे तो गेले कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होता. त्याचा खरा अर्थ त्याला आत्ता कळला. त्याचे डोळे भरून आले.

पण तोंड उघडलेलं होतं. सगळ्या वाटेत घोकलेले शब्द, म्हातारपणाची जीभ. ती काही वेळेवर थांबत नाही. "वा, काय सुंदर..." एवढं बाहेर पडून गेलं.

सागिंतायचा चेहरा पांढरा पडला. बिबिनूरबाईंनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरलं. आजीने डबी छातीशी घट्ट धरली आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण थर्मासमध्ये जावं. वाक्य अर्धं लटकत होतं. ते कुठेतरी टेकवणं भाग होतं. जक्सलिकने घाबरून खोलीभर नजर फिरवली. चूल नको. रजई नको. उशी आजीची. शेवटी त्याची नजर खिडकीतून बाहेर गेली आणि जे पहिलं दिसलं, त्याच्यावर त्याने ते वाक्य टेकवलं.

"...घोडी आहे!"

आजीने सुस्कारा सोडला आणि पुन्हा बहिणींना खाऊ घालायला लागली. बिबिनूरबाई हसल्या आणि रडल्या. सागिंताय मात्र सावकाश उठला. खिडकीबाहेर दावणीला बांधलेली, मानेवर बर्फ साचलेली तांबडी घोडी त्याने पाहिली. त्याच्या सगळ्या घोड्यांत तीच त्याची लाडकी होती. पण त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. तो जक्सलिककडे असा बघत होता, जणू त्याला सगळं समजलं होतं: कोटातला रिकामा थर्मास, बसचा प्रवास, आणि गिळलेला शब्द. त्याने टोपी डोक्यावर घातली.

"घोडी तुमची, व्याही."

"नको, नको! मी आपलं सहज..."

"सहज नाही. मला कळलं." सागिंतायने त्याचा हात आपल्या दोन मोठ्या हातांत घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. "आता काही बोलू नका. घोडी तुमचीच." मग दारापर्यंत जाऊन तो थांबला आणि काळजीने मागे वळला. "पण व्याही, घोडीही कळपाचीच जात. एकटी झुरेल बिचारी. निदान किती हव्यात म्हणालात?"

अंगणात दोर, लगाम आणि शिट्ट्या यांचा गोंधळ सुरू झाला. जक्सलिकने कोपऱ्यात जाऊन फोन काढला. पलीकडे उल्मेकेनने पहिल्याच घंटेला उचलला.

"मिळाले का मासे?"

"नाही."

"मग एवढे आवाज कसले येतायत?"

जक्सलिकने खिडकीबाहेर पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. सगळ्यांच्या मागची, धापा टाकणारी ती आता कळपाच्या मधोमध होती.

"तू असं कर," तो म्हणाला, "खाली जाऊन पेत्रोविचला विचार, त्याचं गॅरेज तो विकतो का."